हिवाळ्याच्या पोटचं फूल

गव्हाचा संकर करायचा तर ओंबी फुलायच्या आधीच बसावं लागतं. एकेका फुलाची तुसं उघडायची, चिमट्याने आतले तीन पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग तिथे सोडायचे आणि ओंबीवर पिशवी बांधायची. 1892 साली कॅनडात तेवीस वर्षांच्या एका तरुणाने असा एक संकर केला. आई म्हणून निवडलेला गहू भारतातून आलेला होता. व्यापारात त्याला ‘हार्ड रेड कलकत्ता’ म्हणत. पराग घेतले ‘रेड फाइफ’चे, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या भरवशाच्या गव्हाचे. रेड फाइफचा पाव उत्तम होई, पण तो उशिरा पिके आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच दव गोठू लागलं की उभं पीक हातचं जाई. भारतीय गहू लवकर पिकणारा होता. एकाची चव आणि दुसऱ्याची घाई एका दाण्यात आणायची होती.

तरुणाचं नाव आर्थर पर्सी साँडर्स. वडील विल्यम साँडर्स हे मूळचे औषधविक्रेते. 1886 मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या सरकारी प्रयोगशेतांचे ते पहिले संचालक झाले. घरात मुलांना पराग कसे घालायचे हे लहानपणापासून माहीत होतं. पर्सीच्या त्या संकराच्या वंशातून पुढे त्यांच्या थोरल्या भावाने, चार्ल्सने, एकेक ओंबी वेगळी पेरून आणि दाणे स्वतः चावून त्यांचा चिकटपणा जोखत ‘मार्क्विस’ हा गहू निवडला. 1909 मध्ये तो शेतकऱ्यांच्या हातात गेला. रेड फाइफपेक्षा तो आठवडाभर तरी आधी कापणीला येई, आणि तेवढ्या आठवड्याने कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांचं नशीब पालटलं. चार्ल्सना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला.

पर्सी मात्र गव्हात राहिले नाहीत. ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटन गावी हॅमिल्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी एका फुलाला दिलं. ते फूल म्हणजे पिओनी. आज सस्कॅचेवान, मॅनिटोबा, आल्बर्टा या थंड गवताळ मुलखात जून सरताना जी फुलं अंगणाअंगणात दिसतात, त्यांच्यातल्या कित्येकांची वंशावळ पर्सींच्या बागेपर्यंत जाते. एकाच घराने या मुलखाला भाकरीही दिली आणि फूलही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून पिओनीची हकीकत इथून सांगायला घेतली.

ज्यांनी हे फूल पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. झुडूप कंबरेइतकं, पानं गडद हिरवी, बोटं फाकल्यासारखी चिरलेली. फूल वीतभर रुंद. काही जातींत पाकळ्यांचा एकच फेर आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका. काहींत पाकळ्या इतक्या दाट की केसर दिसतच नाहीत. पांढरा, गुलाबी, किरमिजी, पोवळ्याचा रंग. 1851 साली फ्रान्समध्ये आलेली ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ ही पांढरीशुभ्र जात आजही रोपवाटिकांत विकली जाते. तिच्या मधल्या पाकळ्यांवर कुंकवाचे शिंतोडे असतात. वास काहींना गुलाबाचा, काहींना लिंबासारखा, काहींना अजिबात नाही.

* * *

सास्काटून शहर 52 अक्षांशावर आहे. जानेवारीत पारा उणे तीसला जाणं ही तिथे बातमी नसते, आणि उणे चाळीसही दर काही वर्षांनी होतं. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे आपल्या दुष्काळी माणदेशाहूनही कमी. शेवटचं गोठलेलं दव मे महिन्याच्या उत्तरार्धात, पहिलं सप्टेंबरच्या मध्यावर. मधल्या चार-एक महिन्यांत जे काय उगवायचं, फुलायचं, पिकायचं ते. पण जूनमध्ये दिवस पावणेसतरा तासांचा होतो, आणि त्या उजेडात झाडं ज्या वेगाने वाढतात तो वेग आपल्याकडे पावसाळ्यातही दिसत नाही.

जमीन मात्र आपल्या ओळखीची. रिजायना शहराभोवतीची आणि मॅनिटोबातल्या रेड रिव्हर खोऱ्यातली चिकण जमीन ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात, पावसात चपलेला किलोभर चिखल येतो. मातीचे शास्त्रज्ञ तिला ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या जमिनीचंही वर्गनाव तेच आहे. अशा जमिनीत पाणी साचलं तर पिओनीची मुळं कुजतात. म्हणून तिथले जाणते बागवान वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच उचलतात आणि त्यात कुजलेलं खत भरपूर मिसळतात. ज्याने विदर्भात संत्र्याची बाग निचऱ्यासाठी गादीवाफ्यावर लावली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता थंडीचं. आपल्याला सहज वाटतं की एवढ्या थंडीत तगतं म्हणजे झाड काटक आहे, सोसणारं आहे. पिओनीच्या बाबतीत हे अर्धंच खरं. बागेतल्या बहुतेक जाती ज्या ‘पिओनिया लॅक्टिफ्लोरा’पासून आल्या, तिचं माहेर सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन. पुढच्या वर्षीचं फूल हे झाड आदल्या उन्हाळ्यातच जमिनीखाली, गड्ड्यावरच्या डोळ्यांत तयार करून ठेवतं. ऑक्टोबरात वरची पानं जळून जातात. डोळा जागा होऊ नये अशी व्यवस्था झाडाच्या आतच असते, आणि ती मोडायला थंडीच लागते. शून्याच्या आसपासची थंडी सलग दीड-दोन महिने मिळाली नाही, तर वसंतात कोंब येतात पण खुरटे, आणि कळ्या एक तर धरत नाहीत किंवा मटाराएवढ्या होऊन वाळतात. पुण्यात किंवा महाबळेश्वरात हे झाड का फुलत नाही याचं उत्तर इथे आहे. उन्हाने ते मरत नाही. हिवाळा न मिळाल्याने ते हळूहळू खंगतं.

म्हणजे प्रेअरीचा जो हिवाळा माणसाला शत्रू वाटतो, त्यावरच हे फूल वाढलेलं असतं. सहा महिन्यांची ती पांढरी शांतता त्याला हवीच असते.

बर्फाची भीतीही अशीच उगाच असते. ताज्या बर्फात नव्वद टक्के हवा असते. दोन फूट बर्फ अंगावर असला की वर हवा उणे पस्तीस असली तरी खाली माती शून्याखाली काही अंशांवरच राहते. खरा धोका उघड्या जमिनीला. दक्षिण आल्बर्टात रॉकी पर्वत उतरून ‘शिनूक’ नावाचा उष्ण, कोरडा वारा येतो. भर जानेवारीत काही तासांत पारा वीस-पंचवीस अंशांनी चढतो, बर्फ वितळतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा सगळं गोठतं. या गोठण्या-वितळण्याने माती वर उचलली जाते आणि नवी लावलेली मुळं उपटून बाहेर येतात. म्हणून कॅल्गरीतले बागवान पहिल्या वर्षी जमीन गोठल्यानंतर वाफ्यावर पेंढा पसरतात. गोठल्यानंतर, आधी नाही. हेतू मातीला ऊब देण्याचा नसतो. ती एकदा गोठली की गोठलेलीच राहावी एवढाच असतो. घराच्या दक्षिण भिंतीला लागून लावू नका, असंही तिथे सांगतात. तळघराच्या उबेने झाड एप्रिलमध्येच जागं होतं आणि मेमधल्या थंडीत कोंब काळे पडतात.

* * *

लावायचा महिना सप्टेंबर. वसंतात कुंडीतलं रोप लावता येतं, पण जुनं झाड हलवायचं, वाटायचं ते शरदातच. तिथे आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांचे आजी-आजोबा युक्रेनमधून आलेले, आमची मुलं त्यांना आजीच म्हणतात. त्यांच्या अंगणातल्या गुलाबी पिओनीचा गड्डा त्यांच्या सासूबाईंनी शेतावरच्या घरातून आणलेला. तो वाटताना मी त्यांच्या हाताखाली उभा राहिलो.

आधी त्यांनी देठ जमिनीपासून चार बोटं ठेवून कापले. मग झाडापासून हातभर लांब, चारही बाजूंनी, फावडं सरळ खाली घालत एक वर्तुळ आखलं. गड्डा वर आला तेव्हा दोघांना उचलेना. नळाच्या धारेखाली माती धुतल्यावर आतलं दिसलं: मनगटाएवढी जाड, तपकिरी मुळं एकमेकांत गुंतलेली, आणि वर, जिथे देठ होते तिथे, गुलाबी-पांढरे टोकदार डोळे. उसाच्या टिपरीवर असतो तसा डोळा, पण बोटाच्या पेराएवढा. गड्डा त्यांनी तासभर सावलीत तसाच ठेवला. ताजी मुळं ठिसूळ असतात, काचेसारखी तुटतात. जरा सुकली की नरम होतात. मग मोठ्या सुरीने तुकडे. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे आणि त्यांना पोसतील एवढी मुळं. कुजका भाग त्या निर्दयपणे छाटत होत्या. दोन डोळ्यांचा एक तुकडा मी टाकून द्यायला घेतला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. जगतो, पण दोन वर्षं जास्त वाट बघायची, असं म्हणाल्या.

खड्ड्यात लावताना डोळा मातीखाली किती असावा, यावर सगळं अवलंबून. पाच सेंटिमीटर. त्याहून खोल गेलं तर झाड वर्षानुवर्षं नुसती पानं देतं. ‘आमची पिओनी फुलतच नाही’ ही तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा कारण हेच निघतं: कोणी तरी मायेने जास्त माती ओढलेली असते. आजींनी खड्ड्यावर आडवी काठी ठेवली, बोटाची दोन पेरं लावून माप घेतलं, माती दाबली, पाणी घातलं आणि पुन्हा माप घेतलं, कारण पाण्याने माती बसते आणि डोळा खाली जातो.

पहिल्या वर्षी दोन-तीन देठ, दुसऱ्या वर्षी एखादी कळी, खरी फुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्यानंतर मात्र झाडाला जवळजवळ काहीच लागत नाही. जुन्या पिओनीच्याच जागी नवी लावायची नाही. फार खत घालायचं नाही. नत्र वाढलं की पानं माजतात. वसंत ओला गेला तर ‘बॉट्रायटिस’ नावाची करडी बुरशी कोंब बुडाशी काळे करते, कळ्या तपकिरी होतात. त्यावर औषधापेक्षा शिस्त उपयोगी. ऑक्टोबरात सगळे देठ जमिनीलगत कापायचे आणि खताच्या ढिगात न टाकता बाहेर द्यायचे. एवढं पाळलं तर झाड पन्नास वर्षं त्याच जागी उभं राहतं, शंभरही राहतं.

तिथल्या उजाड शेतघरांपाशी हे डोळ्यांनी दिसतं. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर शुल्क भरून एकशे साठ एकर जमीन मिळू लागली आणि युरोपातून माणसं आली. ती जमीन क्री, डकोटा, मेटी अशा लोकांची होती आणि त्यांना बाजूला सारूनच ही वस्ती झाली, हे विसरून या फुलाचं कौतुक करू नये. आलेल्यांपुढे झाड नव्हतं, आडोसा नव्हता. इंडियन हेड गावच्या सरकारी रोपवाटिकेतून शेतकऱ्यांना वाराबंदीची रोपं फुकट वाटली जात. सैबेरियातून आणलेल्या कारागाना झुडपांच्या त्या रांगा अजून उभ्या आहेत. वारा अडला की बर्फ साचतो आणि बर्फ साचला की खालचं झाड वाचतं. शेतं मोठी झाली, माणसं शहरात गेली, घरांची छपरं बसली. कारागाना, लायलॅक, रूबार्ब आणि पिओनी एवढीच मागे राहिली, आणि दर जूनमध्ये ती पिओनी फुलते.

* * *

फुलण्याचे दिवस साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. कळ्यांवर मुंग्या चढलेल्या दिसतात. त्यांच्याशिवाय कळी उमलत नाही असा समज प्रेअरीभर आहे. तो खरा नाही. कळीच्या हिरव्या दलांतून गोड रस पाझरतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात इतर किडींना जवळ येऊ देत नाहीत. त्यांना मारू नये, एवढंच.

भरगच्च फुलांवर पाऊस पडला की ती पाणी पितात आणि देठासकट लोळतात. म्हणून मे महिन्यातच, कोंब गुडघ्याएवढे असताना, तारेचं कडं रोवून ठेवतात. एकेरी आणि जपानी घडणीच्या जातींना आधार लागत नाही. वाऱ्याच्या मुलखात मी तरी त्याच लावायला सांगेन. डोळ्याला दिपवणारं दुहेरी फूल जूनच्या एका वादळात चिखलात जातं.

फुलदाणीसाठी कळी केव्हा कापायची याचीही परीक्षा आहे. चिमटीत धरून हलकेच दाबायची. टणक लागली तर थांबायचं. दबून पुन्हा फुगली तर कापायची. अशी कळी कोरडीच वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार आठवडे राहते, फक्त शेजारी सफरचंदं नकोत, कारण फळांतून सुटणाऱ्या वायूने कळ्या बिघडतात. या टिकाऊपणावर मोठा व्यापार उभा आहे. मुंबईतल्या लग्नमंडपांत हल्ली दिसणाऱ्या पिओनी विमानाने आलेल्या असतात. अलास्कात तर फेअरबँक्सच्या विद्यापीठात पॅट हॉलोवे यांनी 2001 च्या सुमारास सुरू केलेल्या चाचण्यांतून शेतीच उभी राहिली: जगातल्या बाकीच्या पिओनी संपतात तेव्हा, जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या फुलायला लागतात. इथेही भांडवल थंडीचंच.

* * *

पर्सी साँडर्स यांच्याकडे परत येतो, कारण त्यांचं मोठेपण सांगायचं राहिलं आहे. त्यांच्या आधी बागेतल्या पिओनी म्हणजे बहुतांशी लॅक्टिफ्लोरा या एकाच जातीतली निवड होती. पर्सींनी जगभरातून रानटी पिओनी मागवल्या: कॉकेशसच्या, भूमध्य समुद्राकाठच्या, चीनच्या डोंगरांतल्या. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली ‘टेन्युइफोलिया’, जिची पानं शेपूच्या भाजीसारखी बारीक चिरलेली असतात आणि फूल रक्तासारखं लाल. युक्रेनच्या त्या मुलखाचं आणि प्रेअरीचं हवामान इतकं जवळचं की प्रेअरीच्या बागांत ती आजही सगळ्यांच्या आधी फुलते. या जाती त्यांनी एकमेकींशी जोडल्या.

हे काम किती सबुरीचं असतं ते बियांकडे पाहिलं की कळतं. पिओनीचं बी आधी उबेत, ओलाव्यात फक्त मूळ सोडतं. मग थंडी घेतं. त्यानंतरच वर कोंब येतो. बऱ्याच बियांना मातीवर दिसायला दोन हिवाळे लागतात, आणि पहिलं फूल बघायला आणखी चार-पाच वर्षं. त्यात दूरच्या जातींचे संकर पुष्कळदा वांझ निघतात. पुढची पिढी हवी तर त्या झाडावर क्वचित धरणाऱ्या एखाद-दुसऱ्या बीची वाट पाहायची. पर्सी कॉलेजात शिकवत शिकवत हे दशकानुदशकं करत राहिले. पोवळ्याच्या, तांबूस-पिवळसर छटा आणि आठवडा-दोन आठवडे आधी येणारा बहर बागेला मिळाला तो यातून. 1953 मध्ये ते गेले. त्यांच्या ‘सिथेरिया’ या जातीला अमेरिकन पिओनी सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते 1980 मध्ये, त्यांच्यामागे सत्तावीस वर्षांनी.

त्यांच्या संग्रहात एक झाड आपल्या हिमालयातलंही होतं: ‘पिओनिया इमोडाय’. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात देवदारांच्या सावलीत उगवणारी ही पांढरी, मान खाली घातलेली रानपिओनी. काश्मिरात तिला मामेख म्हणतात. डोंगरातले लोक तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात, मुळं औषधात वापरतात. चिनी डोंगरी जातींशी तिचा संकर करून पर्सींनी ‘अर्ली विंडफ्लॉवर’ आणि ‘लेट विंडफ्लॉवर’ या दोन जाती काढल्या. एका देठावर अनेक फुलं, एकेरी, वाऱ्यावर हलणारी. ज्या हातांनी तरुणपणी कलकत्त्याच्या गव्हावर पराग घातले, त्याच हातांनी उतारवयात हिमालयाच्या फुलावर घातले. भारताचं हे देणं तिथल्या बागवानांनाही फारसं माहीत नाही, आणि आपल्यालाही नाही.

हे सगळं दिवाळी अंकात लिहिण्याचं कारण तिकडे असलेली आपली माणसं. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेग, सास्काटून, सगळीकडे आता मराठी घरं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक घरात खिडकीशी एक तुळस, एक मोगरा हिवाळाभर जीव धरून असतो. त्यांना ऊब द्यावी, दिवा लावावा, जगवावं. पण बाहेर अंगणात जी जमीन आहे तिच्यातही काही तरी आपलं म्हणून लावावं असं मला कळकळीने वाटतं. पिओनीचा बहर आणि आषाढी एकादशी पुष्कळ वर्षी जवळ जवळ येतात. आमच्याकडे त्या दिवशी विठोबाला तुळशीबरोबर अंगणातली पांढरी पिओनी असते, आणि देवघरातल्या त्या वीतभर फुलाचा कोणाला परकेपणा वाटलेला नाही.

तेव्हा तिकडे घर घेतलेल्यांना एवढंच सांगणं: सप्टेंबरात शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे तुकडा मागा; न देणारं क्वचितच कोणी भेटेल. दिवसातून सहा तास ऊन येईल आणि पाणी साचणार नाही अशी जागा बघा. तुकड्याला तीन डोळे असू द्या, ते वरच्या बाजूला ठेवा, पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त माती घालू नका. आणि तीन वर्षं उकरून पाहू नका.